एकखांबी तंबू

आमच्याकडे संध्याकाळी कुणी आलं आणि टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू असला, की पाहुणे आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणतात, "काय, मॅच का?" हे बिचारे वर्तमानपत्रातून डोकं वर काढतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. मग पाहुण्यांची नजर माझ्यावर येते, माझ्या पुढ्यातल्या मेथीच्या जुडीवर येते आणि पुन्हा टीव्हीकडे जाते. मेथी आणि फुटबॉल यांचा मेळ त्यांना काही केल्या बसत नाही.

पण मी पडले कोल्हापूरची! आमच्या गावात फुटबॉल हा नुसता खेळ नाही, तो पेठेचा मान आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी अशी संघांची नावं तालमींची आणि आखाडा शाहू स्टेडियमचा. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, मला सहा वर्षांची असल्यापासून तिथं न्यायचे. त्यांचा एक नियम होता. आपला संघ हरला तर घरी जाताना शिव्या द्यायच्या नाहीत. का हरला ते सांगायचं. मी आपली फ्रॉकच्या खिशातले शेंगदाणे खात सांगायची, "आण्णा, त्यांचा डावीकडचा सारखा मोकळा सुटत होता." आण्णा खूश व्हायचे. त्या सवयीनं मला कायमचं बिघडवलं.

लग्नानंतर पेठ सुटली, स्टेडियम सुटलं, पण भारताच्या संघाचा नाद काही सुटला नाही. जून २००५ मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध एका नवख्या पोरानं पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात गोल मारला, तो सुनील छेत्री. तेव्हा मी कॉलेजात होते. माझं बी. ए. झालं, लग्न झालं, दोन मुलं झाली, शाळेत अर्धवेळ शिक्षिका म्हणून लागले, आणि तो आपला गोल मारतोच आहे!

२०१८ च्या सुट्टीत मी मुंबईला नणंदेकडे होते. अंधेरीच्या मैदानावर भारताचा सामना झाला. आपण पाच गोलांनी जिंकलो आणि बघायला माणसं किती, तर अडीच हजार! छेत्रीनं मोबाईलवरून लोकांना हात जोडले, की बाबांनो, मैदानावर या, शिव्या द्यायच्या तर तिथं येऊन द्या. मी नणंदेला म्हटलं, "वन्सं, काही असो, आपण जायचं." ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मैदान गच्च भरलेलं, वरून मुंबईचा पाऊस, खाली नुसतं पाणी. आपण ३-० जिंकलो, त्यातले दोन त्याचे. भिजून चिंब होऊन आम्ही दोघी घरी परतलो, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चांगलं आहे हो, पण हा एकटाच का धावतोय?"

फुटबॉलचा गंध नसलेल्या माझ्या नणंदेनं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. आमचा संघ म्हणजे एकखांबी तंबू.

६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून छेत्री निवृत्त झाला. १५१ सामन्यांत ९४ गोल! निरोपाचा तो सामनाही ०-० सुटला. त्या सबंध २०२४ सालात भारतानं एकही सामना जिंकला नाही. जानेवारीतल्या आशियाई करंडकात, छेत्री संघात असूनही, तीन सामन्यांत एकही गोल नव्हता. आधीच्याच वर्षी ज्यांनी तीन स्पर्धा जिंकून दिल्या होत्या, ते प्रशिक्षक इगोर स्टिमॅच जूनमध्ये गेले. मग स्पेनचे मानोलो मार्केझ आले. ते एकाच वेळी गोव्याच्या क्लबचे आणि देशाचेही प्रशिक्षक. आपल्याकडे म्हण आहेच, दोन घरचा पाहुणा उपाशी! गोल काही होईनात. शेवटी मार्च २०२५ मध्ये चाळीस वर्षांच्या छेत्रीला परत बोलावलं. आला, आणि मालदीवविरुद्ध लगेच गोल मारून मोकळा झाला.

सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या मात्र पोटात कसंसंच झालं. निवृत्त झालेल्या माणसाला परत पदर खोचायला लावणारं घर मला काही सुखी घर वाटत नाही.

लोक म्हणतात, आपल्या पोरांत दम नाही. मला हे पटत नाही. आण्णांच्या नियमाप्रमाणे 'का' ते बघावं. आयएसएल ही आपली मोठी लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एका वेळी मैदानात चालत. २०१७ पासून पाच झाले, २०२१ पासून चार. आता क्लबवाले पैसे मोजून परदेशी माणूस आणतात तो बहुतेक गोल मारण्यासाठीच. आपली पोरं बाजूबाजूनं धावतात आणि चेंडू त्याच्या पायाशी नेऊन देतात. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आघाडीला खेळला, तेव्हा सगळ्या गावाची छाती फुगली होती. पुढं आयएसएलमध्ये तोही कडेनंच धावताना दिसला. म्हणजे वर्षभर सुनेला कांदा चिरायला बसवायचं, फोडणी मात्र आचाऱ्यानं द्यायची. आणि एक दिवस आचारी आला नाही, की तिलाच विचारायचं, "तुला साधी आमटीसुद्धा येत नाही?"

हे मी घरात फार तावातावानं सांगायची. ह्यांना, मुलांना, ऐकत नसल्या तरी सासूबाईंना. आणि २०२५ च्या जुलैअखेरीस मला कावीळ झाली.

डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचं नाही, ताट-वाटीसुद्धा वेगळी. पहिल्या दिवशी सकाळपासून माझ्या खोलीच्या दारात रांग! "अगं, हळद कुठं आहे?" "आई, गॅस लागत नाहीये." "सूनबाई, दूधवाल्याचे किती द्यायचे?" मला तापातही हसू आलं. म्हटलं, बघा, माझ्यावाचून अडतं की नाही! खरं सांगते मैत्रिणींनो, त्या हसण्यात थोडा तोराही होता.

आठवडाभरात हाका बंद झाल्या. डबे वेळेवर जाऊ लागले, माझ्या उशाशी मऊ भात येऊ लागला. मी निर्धास्त झाले. त्याच दिवसांत, १ ऑगस्टला, खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाल्याची बातमी आली. आयझॉलसारख्या लहान संघाला २०१७ साली आय-लीग जिंकून देणारा आपला माणूस! मी पडल्या पडल्या मोबाईलवर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत होते. आता हा माणूस छेत्रीला परत बोलावणार की नवी पोरं उभी करणार, याची मला चिंता.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी हात धुवायला उठले आणि माझं लक्ष दाराजवळच्या बुटांकडे गेलं. आमची मनू आठवीत. शाळेच्या मुलींच्या संघात मधल्या फळीत खेळते. सकाळी सहाला सराव असतो. पावसाळ्यात तिच्या बुटांचा चिखल हा आमच्या घरातला रोजचा तंटा. ते बूट कोरडे ठणठणीत होते. नाड्यासुद्धा बांधलेल्या.

स्वयंपाकघरात डोकावले तर पोर ओट्यापाशी उभी. चार डबे उघडे, एका शेगडीवर भाजी, दुसरीवर तवा. तिचा भाऊ, अकरावीतले आमचे चिरंजीव, अजून पांघरुणात. हे पेपर वाचत चहाची वाट बघत होते.

"मनू, सरावाला गेली नाहीस?"

"नाही गं. दहा दिवस झाले. आजीचे गुडघे दुखतात ना सकाळी." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरांनी माझ्या जागी दुसरी घेतली. असू दे."

तिला कुणी 'कर' म्हणून सांगितलं नव्हतं. मुलाला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. खांब आडवा झाल्याबरोबर तंबूनं आपला आपण दुसरा खांब शोधला होता, आणि तो तेरा वर्षांचा होता.

मी परत येऊन अंथरुणावर पडले आणि प्रामाणिकपणे विचार केला. हे का झालं? दोष ह्यांचा होता, मुलाचा होता, पण या संघाची प्रशिक्षक कोण होती? मीच ना! पंधरा वर्षं कुणी हात लावायला आलं, की मी म्हणत आले, "व्हा बाजूला, मी करते पटकन." ह्यांनी एकदा पोळी लाटली तर मी चार माणसांत ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली. मुलानं चहा सांडला तर त्याला बाहेर घालवलं. एक गोल चुकवला की खेळाडूला कायमचं बाकावर बसवणारा प्रशिक्षक असतो, तशी मी. आणि वर क्लबवाल्यांना नावं ठेवायला पुढं!

रविवारी मी सगळ्यांना खोलीत बोलावलं. म्हटलं, मनू उद्यापासून सरावाला जाणार. डबे ह्यांनी आणि चिरंजीवांनी करायचे. सासूबाई चटकन म्हणाल्या, "अगंबाई, पुरुषांच्या हातात परात द्यायची?" मी म्हटलं, "आत्या, तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं सांगा. तुमच्याइतकं शिकवणारं दुसरं कोण आहे?" यावर त्या गप्प झाल्या, आणि खरं सांगायचं तर खुलल्याच.

पुढचे पंधरा दिवस आम्ही काय काय खाल्लं ते विचारू नका. मला पथ्याचा मऊ भात होता म्हणून मी वाचले. पण मी तोंडातून ब्र काढला नाही. सगळ्यात अवघड काम ते होतं.

वर्गात मी मुलांना रहीमसाहेबांची गोष्ट सांगते. सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई खेळांत त्यांच्या संघानं सुवर्णपदक मिळवलं. त्या स्पर्धेत जर्नैलसिंग या बचावपटूच्या डोक्याला लागलं, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी पाठवलं नाही. आघाडीला नेऊन उभं केलं. त्यानं उपांत्य सामन्यात गोल मारला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही मारला. 'हे माझं काम नाही' असं कुणी म्हणायचं नाही, आणि 'हे तुझं काम नाही' असंही कुणी म्हणायचं नाही. चांगला प्रशिक्षक मला तरी एवढाच कळतो.

२९ ऑगस्टला, गौरी यायला दोन दिवस असताना, जमील यांच्या संघाचा पहिला सामना ताजिकिस्तानशी झाला. छेत्री नव्हता. आपण २-१ जिंकलो, आणि दोन्ही गोल कुणाचे? अन्वर अली आणि संदेश झिंगन, दोघेही बचावपटू! ८ सप्टेंबरला ओमानला पेनल्टींवर हरवून आपण तिसरा क्रमांक मिळवला. मला वाटलं, जमलं!

पण घर असं पंधरा दिवसांत बदलत नाही, संघही नाही. ऑक्टोबरमध्ये छेत्री पुन्हा संघात आला. १४ तारखेला मडगावला सिंगापूरशी सामना होता. घरात दिवाळीच्या शंकरपाळ्या चालू होत्या. छांगटेनं चौदाव्या मिनिटाला झकास गोल मारला आणि मी झारा हातात घेऊनच बाहेर पळाले. मग सिंगापूरच्या साँगनं दोन गोल मारले. १-२. २०२७ चा आशियाई करंडक हुकला. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही ०-१ हरलो. लगेच ओरड सुरू झाली, की प्रशिक्षक बदला.

माझं मत विचाराल तर, आधी 'का' ते बघा. पाच वर्षं एकाला, एक वर्ष दुसऱ्याला, असे खांब बदलून तंबू नीट होत नाही. आपल्या पोरांना क्लबमध्ये आघाडीला खेळवा, चार गोल चुकवू द्या, पाचवा बसेल. मुलींच्या संघाकडे बघा. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आपल्या मुली आशियाई करंडकासाठी पात्र ठरल्या. त्या दिवशीचे दोन्ही गोल संगीता बासफोरचे, पण त्याआधी इराकला मारलेले पाच गोल पाच वेगवेगळ्या मुलींचे होते. मनूनं ती नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

मनूला संघातली जागा लगेच मिळाली नाही. दोन महिने बदली खेळाडू म्हणून बसली, मग मिळाली. बुटांचा चिखल पुन्हा दारात आला आहे आणि मी त्यावरून बोलणं सोडलं आहे.

चिरंजीव आता भाकरी थापतात. तिला अजून कोपरे असतात. परवा सासूबाई ताटातल्या भाकरीकडे बघून म्हणाल्या, "गोल काही होत नाही बाई याचा."

मी म्हटलं, "होईल आत्या. मारत राहू दे."