अब्बांचे हात आणि चार माइक

आमचे अब्बा तीस वर्षं लग्नाच्या बँडात ड्रम वाजवायचे. नंतर ऑर्केस्ट्रात ड्रमसेटवर बसले. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. तेव्हा आम्ही दोघा बहीणभावांनी ठरवलं, हात चालतोय तोवर त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवायचं.

पैसे जमवले, एका स्टुडिओत तीन तास घेतले. तिथल्या मुलानं प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माइक लावले, वर आणखी दोन टांगले. सगळे मिळून आठ. अब्बांनी जीव ओतून वाजवलं. पण स्पीकरवर ऐकलं तर स्नेअर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा! ‘मिक्सिंगमध्ये होईल ठीक,’ असं सांगितलं गेलं. अब्बा गप्प होते. परतताना रिक्षात म्हणाले, “बेटा, माझे हात गेले.”

ते वाक्य आम्हाला झोपू देईना. समोर बसून ऐकताना तर आवाज भरदार होता. मग गेला कुठे? विचारत, वाचत गेलो तेव्हा उलगडा झाला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. स्नेअरवरचा एकच ठोका जवळच्या माइकला आधी पोचतो, वरच्या माइकला जरा उशिरा. स्नेअरचा भरीव सूर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो. दोन माइकच्या अंतरात ८५ सेंटिमीटरचा फरक पडला, तर एकीकडे लाट वर असते तेव्हा दुसरीकडे खाली. दोन्ही एकत्र केले की नेमका तोच सूर कापला जातो आणि उरतो नुसता खडखडाट. दोष हातांचा नव्हता, माइकच्या जागांचा होता.

ग्लिन जॉन्स या इंग्रज रेकॉर्डिस्टच्या नावानं ओळखली जाणारी एक जुनी रीत आहे. एक माइक स्नेअरच्या बरोबर वर, सुमारे मीटरभर उंच. दुसरा वाजवणाऱ्याच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या पलीकडून, स्नेअरकडे तोंड करून. दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर अगदी सारखं. तिसरा बेस ड्रमसमोर. हवा तर चौथा स्नेअरच्या काठावर दोन बोटं उंच.

महिन्याभरानं त्याच खोलीत पुन्हा गेलो, अम्मीची शिवणाची टेप घेऊन. स्नेअरपासून दोन्ही माइक बरोबर चाळीस इंचांवर आणले. स्नेअरजवळचा चौथाही लावला. त्याचं फेजचं बटण एकदा दाबून, एकदा सोडून ऐकलं आणि आवाज ज्यात जाड आला तसंच ठेवलं. स्टुडिओतल्या मुलानंही टेपचं टोक धरलं.

अब्बांनी ऐकलं. मान खाली, डोळे मिटलेले. मग म्हणाले, “तिसऱ्या आवर्तनात मी घाई केली. परत घ्या.”

त्यांनी स्वतःच्या वाजवण्यातली चूक काढली, म्हणजे आवाज आपलाच असल्याची त्यांना खात्री पटली होती. त्या दिवशी त्यांनी पाच वेळा वाजवलं. पाचव्या वेळी उजवा हात थरथरला, तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे. आम्ही ते कापलं नाही.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी वडीलधारं वाजवत असेल, तर रेकॉर्डिंग लांबणीवर टाकू नका. आणि आवाज बिघडला तर त्यांच्या हातांना दोष देण्याआधी माइकचं अंतर मोजा.