सालदार टिकतो कशाने?

गुढीपाडवा जवळ आला की आपल्या वर्धा जिल्ह्यात एकच चर्चा असते : औंदा सालदार राहतो की जातो? साल पाडव्याला संपते, त्याच दिवशी नवे बोलणे होते. रक्कम लाखाच्या घरात गेली तरी माणूस टिकत नाही, ही तुमची तक्रार मी नेहमी ऐकतो.

रकमेला मी कमी लेखत नाही. ठरलेला पैसा वेळेवर दिला नाही, तर पुढचे सारे बोलणे फुकट. पण उचल फिटली नाही म्हणून थांबलेला आणि काम आवडते म्हणून थांबलेला, हे दोघे सारखे समजू नका. पहिला नुसता अडकलेला असतो. रात्री आभाळ भरून आले, तर खळ्यावरचे सोयाबीन झाकायला तो हाक मारल्याशिवाय उठणार नाही.

2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची पऱ्हाटी पोखरली. त्यानंतर कामगंध सापळे लावा, असे आम्ही गावोगाव सांगत फिरलो. सेलू तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सापळ्यांची वही सालदाराच्याच हाती दिली. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले की फवारणीची वेळ आली, एवढे त्याला समजावले. पुढे मी वावरात गेलो की मालकाआधी तोच बोले, “थांबा साहेब, पाखरं किती पडले थे मले इचारा!” शेजारच्या गावातून जास्त रकमेचे बोलावणे आले, तरी पाडव्याला तो गेला नाही. मालकानेही थोडी रक्कम वाढवली होती, तेही सांगितले पाहिजे.

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. तिथे रोग्यांना नुसते औषध न देता शेती, सूतकताई अशी कामेही दिली. घरच्यांनीच दूर लोटलेल्या माणसाला आपल्या हातून काही पिकते हे दिसले, तर ती जागा त्याला आपली का वाटणार नाही?

आम्हा नोकरदारांचेही वेगळे नाही. कोणी न वाचणारे तक्ते भरून माणूस खात्याचा होत नाही. त्यापेक्षा धुऱ्यावर वाट पाहणारा शेतकरी आम्हाला जास्त बांधून ठेवतो.

तेव्हा यंदा बोलणे करताना त्यालाही विचारा : पाणी कोणत्या बांधाला साचते, कोणता बैल लवकर दमतो? आणि त्याच्या घरधनिणीलाही बसवून घ्या. साल त्याच्या नावाचे असले, तरी आपल्या अंगणात तीही राबते, आणि राहायचे की जायचे हे पुष्कळदा तीच ठरवते.