उरलेलं जनावर

जपानी गोमांसाच्या धंद्यात मी शिरलो तो म्हशीच्या मांसाच्या दारातून. दुबईत देरा भागातल्या एका आयात कंपनीत मी बरीच वर्षं भारतातून येणारं गोठवलेलं म्हशीचं मांस सांभाळत होतो. न्हावा-शेव्याहून कंटेनर निघायचा, जेबेल अलीला उतरायचा आणि लेबर कॅम्पच्या मेसपासून बिर्याणीच्या हॉटेलांपर्यंत बघता बघता वाटला जायचा. किलोमागे चार-दोन फिल्सांची घासाघीस, बाकी काही नाही. मग एके दिवशी आमचे अरबाब, म्हणजे कंपनीचे मालक, कुठल्याशा पंचतारांकित हॉटेलात जेवून आले आणि म्हणाले, जपानचं वाग्यू आणायचं, आणि हलालच आणायचं.

कोकणात खेडला घरी या नव्या कामाची चौकशी होते तेव्हा मी नुसतं 'जपानी माल' म्हणतो. भारतात गोमांसाची आयातच बंद, तेव्हा नमुना दाखवायचा प्रश्न नाही. अर्ध्या गावाला वाटतं मी टीव्ही विकतो.

हलाल वाग्यू दुबईत तेव्हाही मिळत होतं, पण ते बहुतेक ऑस्ट्रेलियाचं. 1976 साली चार जपानी वळू अमेरिकेत गेले, नव्वदच्या दशकात आणखी काही जनावरं गेली आणि ते रक्त पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं. ऑस्ट्रेलियाला आखाती देशांना हलाल मांस पुरवायची जुनी सवय, त्यामुळे त्यांची घडी बसलेली. जपानचं तसं नाही. पुष्कळशा जपानी कत्तलखान्यांत गाईबैल आणि डुकरं एकाच छपराखाली कापली जातात. ते सगळे पहिल्या झटक्यात बाद. जे फक्त गोवंशाचे आहेत तिथे जनावराच्या कपाळात खिळ्याची बंदूक मारून आधी ते बेशुद्ध करायची पद्धत. कवटी फोडणारी ती बंदूक हलालचा दाखला देणारी मंडळं चालवून घेत नाहीत. म्हणजे कापायची रीत बदलणारा, मुसलमान खाटीक नेमणारा आणि वर आपल्या गिऱ्हाइकाच्या देशाने मान्य केलेल्या मंडळाचा दाखला असलेला कत्तलखाना पाहिजे. साऱ्या जपानात असे थोडेच. आमचं जमलं ते दक्षिणेकडे, क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतात.

तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा गोठ्याच्या फाटकाशीच अडवलं. जमिनीवर पांढऱ्या चुन्याचा पट्टा, पायात त्यांचे गमबूट, अंगावर कागदी झगा. 2010 साली शेजारच्या मियाझाकी प्रांतात लाळ्या-खुरकूत पसरली आणि जवळपास तीन लाख जनावरं मारावी लागली, तो धसका अजून गेलेला नाही. गोठ्यात भाताचा पेंढा, बार्ली, मका, कोंडा. मालकाने फाइलमधून एक कागद काढून दाखवला, वासराचा जन्मदाखला. आईचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि खाली काळ्या शाईत उमटवलेला नाकाचा ठसा. माणसाच्या अंगठ्यासारख्याच गाईच्या नाकावरच्या रेघा दुसरीशी जुळत नाहीत. माझ्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करायला खेडच्या कचेरीत किती खेटे घातले ते आठवून मला हसू आलं.

दुबईतल्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न नेहमी तोच: यांना बिअर पाजतात म्हणे, मग हलाल कसं? मी मालकाला दुभाष्यामार्फत विचारलं. तो म्हणाला, बिअर मलाच परवडत नाही. ही कथा जास्त करून पर्यटकांनाच सांगतात. तरी प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दारूभट्टीतला उरलेला चोथा खाद्यात घालणारे शेतकरी असतात, आणि घाण खाणाऱ्या जनावराला काही दिवस स्वच्छ चाऱ्यावर ठेवल्याशिवाय कापू नये, असा दंडक फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, आहेच. त्यामुळे खाद्यात काय काय आहे त्याची लेखी यादी आम्ही मागतो आणि मंडळाचा माणूस ती वाचतो.

कत्तलखान्यात मात्र वाद निघाला तो फवाऱ्यावरून. हात, सुऱ्या, टेबलं, सगळ्यांवर अल्कोहोल मारत राहायचं ही तिथली पक्की सवय. द्राक्षाची किंवा खजुराची दारू ती हराम. कारखान्यातलं साफसफाईचं अल्कोहोल त्यात धरायचं की नाही, यावर मंडळामंडळांत एकमत नाही. दोन्ही बाजूंची मंडळी सज्जन आणि दोन्ही हटवादी. शेवटी हलाल माल चालू असताना गरम पाण्यानेच निभवायचं ठरलं.

कत्तलखान्याच्या लोकांची खरी धास्ती वेगळी होती. बेशुद्ध न करता कापलं, जनावर बिथरलं, तर मांसात रक्ताचे बारीक ठिपके राहतील, अशी. जपानात धड थंड झालं की सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये छेद देऊन दर्जा ठरवतात. अक्षर किती मांस निघेल त्याचं, ए ते सी; आकडा गुणवत्तेचा, एक ते पाच. ए-पाच म्हणजे चरबीच्या जाळीच्या बारा पायऱ्यांत किमान आठवी. पण मांसात रक्ताचे ठिपके सापडले तर धडावर काताकाना लिपीतलं 'अ' हे अक्षर उमटतं आणि भाव कोसळतो. अठ्ठावीस-तीस महिने पोसलेल्या बैलावर ते एक अक्षर पडणं शेतकऱ्याला किती लागतं, ते सांगायची गरज नाही. हलाल रीतीने जबह करणारा आमचा माणूस बांगलादेशी, कमी बोलणारा. जनावर आत येताना कुणी मोठ्याने बोललं, आपटलं की तो सुरी खाली ठेवायचा आणि थांबायचा. सगळं शांत झालं की मग 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' आणि एकच सफाईदार हात. दुसऱ्या दिवशी शीतगृहात धडाच्या छेदावर टॉर्च मारून सगळे वाकून बघत होते. ठिपका नव्हता. तिथल्या मॅनेजरने त्या बांगलादेशी भाईपुढे कमरेत वाकून नमस्कार केला.

इथवर सगळं जमलं की लोकांना वाटतं झालं, आता विकायचं. हलाल माल महाग पडतो तो सुरीमुळे, असंच मीही ऐकून होतो. हिशेब मांडला तेव्हा कळलं, महाग पडतं ते उरलेलं जनावर. दुबईतल्या शेफना हवं असतं रिबआय, सरलॉइन, टेंडरलॉइन. साधारण पाचशे किलोच्या धडात हे सगळं मिळून फार तर सातवा हिस्सा. बाकीचं, म्हणजे मान, खांदा, छाती, मांड्या, पाय, जपानातच विकायचं. आता जपानी गिऱ्हाइकाला ते हलाल आहे याचं कौतुक काय? तो नेहमीचाच भाव देणार. मग वेगळी पाळी, वेगळा खाटीक, दाखल्याची फी, हा सगळा पूर्ण जनावरावरचा खर्च त्या सातव्या हिश्श्याच्या डोक्यावर बसतो. हॉटेलचा खरेदी-मॅनेजर भाव ऐकून ऑस्ट्रेलियाचं कॅटलॉग पुढे सरकवतो, त्यात त्याची चूक नाही.

तेव्हा रिबआय खपवण्याची नव्हे, खांदा आणि नळ्या खपवण्याची अक्कल लागते. मी खांद्याचा एक तुकडा शारजाला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, नेला. तिने आमच्या कोकणी पद्धतीने आलं-लसूण वाटून, गरम मसाला, भाजलं खोबरं घालून तो चढवला. थोड्या वेळात पातेल्यात चरबीचं तळं झालं. वाग्यूची चरबी फार कमी उष्णतेवर वितळते, तोंडात विरघळते म्हणतात ते त्यामुळेच. खाला डावाने तूप निथळावं तसं ते वाटीत काढत म्हणाली, "अरे, हे मटण आहे की साय? तुझ्या साहेबाला सांग, खोबरं घालू नका, तेल घालू नका, फोडणीसुद्धा नको." उरलेल्या चरबीत तिने दुसऱ्या दिवशी पुलाव केला, तो मात्र अप्रतिम.

तिचा सल्ला मी जसाच्या तसा गिऱ्हाइकांना दिला आणि उरलेल्या जनावराच्या वाटा ठरवल्या. खांदा अर्धवट गोठवून कागदासारखा पातळ कापायचा आणि जपानी रेस्टॉरंटना शाबू-शाबूसाठी द्यायचा. नळ्या निहारीवाल्यांना. छाटणीतली चरबी बर्गरवाल्यांना, ते साध्या खिम्यात मिसळतात. एका लखनवी खानसाम्याने वाग्यूच्या निहारीला आधी नाक मुरडलं, आता तोच आगाऊ पैसे पाठवतो. माझ्या मते या मांसाची खरी चव स्टेकमध्ये नाहीच. चार घासांनंतर स्टेक जड होतो. पण शेफसमोर हे बोलायची सोय नाही.

कागदांचा जाच वेगळाच. प्रत्येक खेपेबरोबर प्रांताच्या मांस-तपासणी केंद्राचं आरोग्य प्रमाणपत्र आणि हलाल दाखल्याची मूळ प्रत. 2001 साली जपानात मॅड काउ रोग सापडला, त्यानंतर 2003 मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक जनावराला दहा आकडी क्रमांक मिळाला. तो इंटरनेटवर टाकला की जन्म कधी, कुठे वाढलं, कापलं कधी, सगळं समोर येतं. अशा देशातून आलेल्या एका हलाल दाखल्यावर कत्तलखान्याच्या नोंदणी क्रमांकातला एकच आकडा गळला होता. पाठवणाऱ्याच्या कारकुनाची नजरचूक. बाहेर पंचेचाळीस अंश, आत विमानतळाच्या शीतगृहात आमच्या पेट्या, आणि दुरुस्त दाखला कुरियरने निघालेला. ताज्या, न गोठवलेल्या मांसाचा प्रत्येक दिवस पैशाचा. अरबाब दर तासाला फोन करून एवढंच विचारत, "कागद कुठे पोचला?" माल सुटला, पण निम्म्या हॉटेलांनी तोवर मेनू बदलला होता. त्यानंतर दाखल्याचा फोटो आल्याशिवाय आणि आम्ही तो आकडा आकडा वाचल्याशिवाय पेटी विमानात चढत नाही.

आमचा मोठा हंगाम रमजानचा, इफ्तारच्या बुफेंचा. जपानचा मोठा हंगाम डिसेंबर, वर्षअखेरच्या मेजवान्यांचा. तेव्हा तिथले भाव चढतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. परवा कुमामोतोचा मॅनेजर व्हिडिओ कॉलवर कॅलेंडर घेऊनच बसला होता. 2030 मध्ये रमजान दोनदा येतोय, जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेरीस दुसरा, हे त्याने शोधून काढलं होतं. म्हणजे त्यांची सर्वांत महाग खरेदी आणि आमची सर्वांत मोठी मागणी एकाच महिन्यात. त्याने विचारलं, त्या डिसेंबरचा भाव आताच बांधून घेता का? मी म्हटलं, साहेब, त्या वासरांच्या आया अजून गाभण नाहीत. तो म्हणाला, म्हणूनच तर स्वस्त देतोय, पण खांदा आणि नळ्याही तुम्हीच उचलायच्या. अरबाबांना विचारून कळवतो म्हणालो. खालाच्या पुलावाचं अजून त्याला सांगितलेलं नाही, नाहीतर चरबीचाही भाव लावेल.