आमची काटकसर

सन २०२२ च्या मे महिन्यात घरगुती गॅसच्या सिलिंडरने हजार रुपयांचा उंबरठा ओलांडला आणि आमच्या घरी काटकसरीचे राज्य सुरू झाले. राज्याचा प्रधान अर्थातच मी. स्वयंपाकघरात ज्याचे पाऊल क्वचित पडते त्यालाच तेथील उधळपट्टी फार लवकर दिसते, असा माझा अनुभव आहे. डाळ आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण असावे, पाण्याला उकळी आली की ज्योत मंद करावी. कारण उकळत्या पाण्याखाली कितीही जाळ केला तरी ते अधिक तापत नाही, त्याची वाफ मात्र होते. ही सारी शास्त्रशुद्ध वचने मी सौभाग्यवतीस ऐकविली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि हे सर्व ती या घरात आल्यापासून करीत आहे, व ते तिला सासूबाईंनीच शिकविले, एवढेच सांगितले. तरीसुद्धा ते सिलिंडर तीसऐवजी एकतीस दिवस पुरले, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस एका स्नेह्याबरोबर हिवरे बाजारास जाण्याचा योग आला. नगर शहरापासून हे गाव सतराएक किलोमीटरांवर, पर्जन्यछायेतले. एके काळी येथील डोंगर उघडेबोडके झाले होते आणि १९७२ च्या दुष्काळानंतर माणसे पोटामागे गाव सोडून जात होती. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पत्करली, श्रमदानाने डोंगरउतारांवर चर खणले. हा इतिहास आता सर्वश्रुत आहे. तो पुन्हा सांगत बसत नाही. माझे लक्ष वेधले ते एका घरामागच्या गोबरगॅसच्या टाकीने.

युक्ती काही नवी नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून असा वायू काढून वापरण्यात आला होता. परंतु युक्ती ठाऊक असणे वेगळे आणि ती घरात नांदणे वेगळे. गुरे रानोमाळ चरत असताना शेणही रानोमाळच पडणार. ते गोळा कोण करणार? चराईबंदीने जनावरे दावणीला आली, रानातले गवत कापून गोठ्यात आले, आणि शेण आपोआप एका जागी साठू लागले. चार-पाच मोठ्या जनावरांचे पन्नासएक किलो शेण रोज मिळाले, तर सुमारे दोन घनमीटर वायू निघतो. लहान कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो. मी उभ्या उभ्या हिशेब केला: आमचे सिलिंडर १४.२ किलोचे, म्हणजे तो गोठा सोळा-सतरा दिवसांत एक सिलिंडर देत होता! शिवाय गोवरी जाळली की खतही जळते. येथे वायू काढून घेतल्यावर उरलेली रबडी शेताला मिळते. थंडीत वायू कमी निघतो, तेव्हा शेण कालवताना कोमट पाणी घालावे लागते, असे त्या घरच्या आजीबाईंनी सांगितले.

त्या आजीबाई तरुणपणी डोक्यावर मोळी वाहून आणीत. परत येताना माझ्या मनात राहून राहून येई की, गावाने नुसती कुऱ्हाडबंदी केली असती आणि गवताची, गोठ्याची, वायूची तजवीज केली नसती, तर त्या बंदीचा सारा भार याच डोक्यावर पडला असता. हिची मोळी दोन कोस लांबली असती, आणि सभेत हात वर करणाऱ्या पुरुषांना ते कळलेही नसते.

पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता मी चहा मागितला. एकच कप आला. “आईचा?” म्हणून विचारले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “त्यांनी मे महिन्यापासून दुपारचा चहा सोडलाय. गुडघे शेकायला पाणीही तापवू देत नाहीत. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं.”

मला ठाऊक नव्हते. कागद घेऊन बसलो. एका कपाला फार तर आठ आण्यांचा गॅस लागतो, शेकाच्या पाण्याला तेवढाच. दोन्ही मिळून महिन्याकाठी तीस रुपये, म्हणजे जेमतेम एका दिवसाचा गॅस. तो एकतिसावा दिवस माझ्या व्याख्यानाचा नव्हता तर!

आईपुढे हा हिशेब मांडला. ती म्हणाली, “अरे, मला चहाची सवय मोडायचीच होती.” सवय मोडलेली नव्हती, हे दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिने कप ज्या तऱ्हेने हातात घेतला त्यावरून कळले. शेकाचे पाणी मात्र अजून एक दिवसाआडच तापते, आणि त्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात मला आजवर यश आलेले नाही.