उरलेले साडेतेवीस तास

दूरचित्रवाणीवरच्या दैनंदिन रहस्यमालिकेचा एक भाग जाहिरातींसकट अर्ध्या तासात संपतो. पुढचा भाग लागेपर्यंतचे साडेतेवीस तास मात्र सर्वस्वी प्रेक्षकाचे असतात, आणि वाड्यात दिसलेली सावली कोणाची, गड्याला सारे ठाऊक असूनही तो गप्प का, विहिरीपाशी नेमके काय घडले, याचा खल याच तासांत होत असल्यामुळे अशा मालिकेचा मोठा भाग पडद्याबाहेरच रचला जातो. त्याला नुसती ‘प्रतिक्रिया’ म्हणणे अपुरे आहे, कारण हा शब्द कृती संपल्यानंतर उमटणाऱ्या गोष्टीसाठी वापरला जातो, आणि येथे तर कृती रोज अर्धवट सोडून दिलेली असते.

खुणा पाहून अर्थ लावण्याची ही सवय निदान सोलापूरसारख्या शहराला तरी दूरचित्रवाणीने लावली, असे मात्र म्हणता येत नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे सोलापूरकरांच्या गड्ड्यात, होम मैदानावरच्या होमप्रदीपनानंतर भाकणूक होते; दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, फळे असे जिन्नस मांडून, ते कशाला तोंड लावते, मलमूत्र विसर्जन करते की नाही, गर्दीने बिथरते की शांत उभे राहते, यावरून येत्या वर्षाचा पाऊस, महागाई आणि संकटे यांचा अंदाज बांधण्याचा हा प्रघात आहे. दुसऱ्या दिवशी शहरात जी चर्चा चालते, तीत श्रद्धेइतकाच खेळकरपणा असतो. वासरू गाजराकडे वळले म्हणून लाल वस्तू महागणार, असे सांगणारा माणूस त्याच दमात हसतोही. रहस्यमालिकेचा सोलापुरी प्रेक्षक घडला तो बराचसा या विश्वास आणि थट्टा यांच्या सरमिसळीतून.

1970 च्या आसपास या शहरात जन्मलेल्या पिढीचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवले, तर या प्रेक्षकपणाचा प्रवास सलग दिसतो. ऐंशीच्या दशकात चाळीतल्या एखाद्या घरी संच असे, उंबऱ्याबाहेरपर्यंत मुले बसत, आणि ‘किले का रहस्य’सारख्या साप्ताहिक मालिकेचा एक भाग आठवडाभर पुरवून वापरावा लागे. संध्याकाळी बंद गिरणीच्या भिंतीकडेने घरी परतताना मुलांची पावले जलद पडत ती त्या आठवडाभराच्या शिलकीमुळे. पुढे 1995 मध्ये आलेल्या ‘आहट’ने भीती वाढवली, पण चर्चा घटवली, कारण सुट्या कथांच्या मालिकेत उद्यासाठी उत्सुकता फारशी शिल्लक राहत नाही, भुताने दचकवले, काम झाले.

‘असंभव’ ही मालिका 2007 ते 2009 या काळात झी मराठीवर चालली आणि तिने चर्चेचे स्वरूपच बदलले. पुनर्जन्म, म्हणजे मागल्या जन्मीची माणसे नव्या देहांत परतून जुना हिशेब पुरा करतात ही कल्पना, तिच्या मुळाशी होती. त्यामुळे प्रेक्षकाला एकाच वेळी दोन काळांतले नातेसंबंध ध्यानात ठेवावे लागत आणि नीलम शिर्केने साकारलेल्या सुलेखाचा पुढचा डाव कोणता, हे ताडावे लागे. ती भारनियमनाची, म्हणजे वीज ठरावीक तास बंद ठेवण्याची वर्षे असल्याने ऐन प्रसंगात अंधार होई, आणि न पाहिलेला भाग दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी ऐकून घ्यावा लागे. असे सांगणारी व्यक्ती आपल्या पदरचे थोडे घालतच असे, त्यामुळे एकाच भागाच्या गल्लोगल्ली निराळ्या आवृत्त्या निघत. त्यांतल्या काही मूळ भागापेक्षा सरस असाव्यात, अशी शंका घेण्यास जागा आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर वस्तीत बायका घरी विड्या वळत मालिका पाहतात, हे या संदर्भात जवळून पाहण्याजोगे आहे. मांडीवरच्या सुपात ओल्या फडक्याखाली कापलेली तेंदूची पाने असतात. पानावर तंबाखूची चिमूट पसरायची, बोटांनी वळायचे, टोक मुडपायचे, दोरा गुंडाळायचा, आणि हजाराचा आकडा गाठेपर्यंत हे थांबवायचे नाही. नजर निम्मा वेळ सुपात असल्याने मालिका मुख्यतः ऐकली जाते. पावलांचा आवाज, दाराची करकर, मध्येच पडलेली शांतता यांवरून प्रसंग ओळखला जातो. हात थांबतो तो त्या शांततेत. भयाची याहून चोख मोजणी कोणत्याही प्रेक्षकसंख्येच्या आकड्याने होणार नाही.

फेब्रुवारी 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने, जिचे नाव 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातल्या सुधीर मोघे यांच्या गीतावरून आले आहे, भीतीचा मुक्काम कोकणात हलवला. अण्णा नाईकांचा मृत्यू, सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा आणि त्यात जमलेले संशयी कुटुंब, अशी तिची मांडणी होती. कोकणातून आक्षेप आले ते दोन प्रकारचे: मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते आणि आमच्या मुलखाची बदनामी करते. हे आक्षेप गैरवाजवी नव्हते, कारण ज्यांच्या अंगणात तशी विहीर आहे त्यांना ती नुसती कथेतली विहीर वाटणे कठीण असते. सोलापूरकडे मात्र ना समुद्र, ना चिऱ्याची घरे. मालवणी बोली तर कन्नड किंवा तेलुगू घरात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला कान देऊनच समजून घ्यावी लागे. तरीही मालिकेतल्या विसराळू पांडूचे ‘इसारलंय’, म्हणजे ‘विसरलोय’, येथल्या घरांत रुळले, आणि उधारी मागणाऱ्यालाही ते उत्तर मिळू लागले.

संस्कृत काव्यशास्त्रात प्रेक्षक आणि भय यांच्यातल्या या अंतराला महत्त्व आहे. भय हा स्थायीभाव, म्हणजे मनात मुरलेली भावना, ज्यात आस्वाद्य बनतो तो भयानक रस. आणि हा रस अनुभवता येतो तो भीती ‘माझी’ किंवा ‘त्याची’ न राहता सर्वांची झाल्यावर, म्हणजेच साधारणीकरण झाल्यावर. अभिनवगुप्ताने त्यासाठी ‘शाकुंतला’च्या आरंभीच्या पळणाऱ्या हरणाचा दाखला घेतला आहे. कोकणच्या भुताचा आस्वाद सोलापुरात निर्वेध घेता आला तो असा; गिरणीच्या भिंतीमागचे भूत दाखवले असते, तर येथूनही निवेदने गेली असती.

जानेवारी 2019 मध्ये, ऐन गड्ड्याच्या दिवसांत, ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व आले. ते पूर्वकथेचे, म्हणजे आधीच्या कथेच्याही अगोदरचे होते. अण्णा मरणार हे ठाऊक असल्याने ‘कोणी केले’ हा प्रश्न मागे पडला. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांची वाट पाहिली जाऊ लागली, ज्या अण्णांच्या सावलीला पहिल्या पर्वात घर घाबरले होते त्यांच्या अरेरावीला दाद मिळू लागली, आणि पन्नाशी गाठलेल्या त्या पिढीला आपण एका जुलमी माणसाची बाजू कधीपासून घेऊ लागलो, हे नेमके सांगता येईना. आता भाग हुकत नाही. तो मोबाइलवर हवा तेव्हा सापडतो, आणि उरलेले साडेतेवीस तास पुढच्या भागांनीच भरून जातात. सूप मात्र तेच आहे. जुना, शेवट ठाऊक असलेला भाग पुन्हा लागतो, पावलांचा आवाज येऊन विरतो, शांतता पडते, आणि दोरा बोटाभोवती अर्धा गुंडाळलेला राहतो.