ऊन मावळल्यावर

आमच्या फैजपुरात बॅकअप म्हणजे घरातली इन्व्हर्टरची बॅटरी. माझ्या नोकरीत बॅकअप म्हणजे दुसरा सर्व्हर, लोड वाढला की दोन मिनिटांत चालू होणारा. तापीपलीकडच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राला हे जमण्यासारखं नाही. थंड पडलेला बॉयलर पेटवून पूर्ण भारावर यायला कित्येक तास जातात. पण सौर विजेचा मोठा बॅकअप आज असे बॉयलरच आहेत.

घराच्या छतावर आम्ही पॅनल बसवले. एका दुपारी लाईट गेली, तशी पॅनलची वीजही बंद. आई म्हणाली, "एवढं ऊन पडलंय, मंग लाईट काबर गेली?" मी सांगितलं, बाहेरची लाईन गेली की ही यंत्रणा मुद्दाम थांबते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच पॅनलचा शॉक बसेल. तिला पटलं. बाबांना नाही.

पण शेतातल्या सौर विजेवर बाबा खूश आहेत. केळीला पाणी चुकवून चालत नाही. रात्रपाळीची वीज असली की बाबा बॅटरी घेऊन मळ्यात जायचे, साप आणि बिबट्याच्या धाकात. आई जागी राहायची. आता फीडर सौरऊर्जेवर गेला, मोटर दिवसा चालते. त्यांचा हिशेब इथे संपतो.

माझा संपत नाही. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा कोळशाच्या संचांना मागे सरावं लागतं. पूर्ण बंद मात्र होता येत नाही, कारण संध्याकाळी सातला मोटर थांबली तरी गावभर कूलर चालू असतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे संच ५५ टक्क्यांपर्यंत, पुढे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणता आला पाहिजे. म्हणजे ५०० मेगावॉटचा संच दुपारी २७५ वर, रात्री पुन्हा वर. रोज तापायचं, रोज निवायचं. नळ्या लवकर झिजतात, कमी भारावर युनिटमागे कोळसाही जास्त लागतो. सौर विजेच्या स्वस्त दरात हा खर्च कुठे दिसत नाही.

पाणी याहून चपळ. कोयना काही मिनिटांत चालू होते, पण तिथे पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. घाटघरला तेच पाणी वर चढवायचं आणि गरज लागली की खाली सोडायचं, अशी २५० मेगावॉटची सोय आहे. मला हे फार आवडतं. घरी आलो की समोरच्या सातपुड्यावर मी मनातल्या मनात वर एक, खाली एक तलाव मांडून बघतो. यावल-रावेरात बोअर खोल खोल चाललेत. बाबा म्हणतात, "तलावाचं पाहू, आधी केळीपुरतं पाणी दाखव."