पुडीतलं गोड

आमच्या माहेरी गोडाचं मोल ते करायला किती वेळ लागला यावरून ठरायचं. बासुंदीला अख्खी दुपार, श्रीखंडाला एक रात्र आणि पुन्हा सकाळ, पुरणाला तर दिवस पुरायचा नाही. आई दुधाच्या पातेल्यापाशी उभी असायची, आणि कोणी हाक मारली तर "दूध खाली लागेल" म्हणून जागची हलायची नाही. पाहुणे जेवून उठताना म्हणायचे, "वहिनी, हाताला चव आहे हो तुमच्या!" हाताला चव होतीच, पण पायाला गोळे यायचे त्याचं काय? त्याचा उल्लेख कुणी करत नसे. असो.

तेव्हा पुडी फोडून केलेल्या गोडाला आमच्यात मान नव्हता. अपवाद फक्त कस्टर्डचा. पुण्यात १९५६ साली वीकफील्ड सुरू झालं आणि हळूहळू ते कस्टर्ड सगळीकडे पोचलं. फळं घातलेलं कस्टर्ड म्हणजे वाढदिवसाची शान! ते चाललं याचं कारण मला वाटतं दोन. एक, ते गॅसवर ठेवून ढवळावं लागायचं, म्हणजे बाईचे कष्ट थोडे तरी शिल्लक राहायचे. दुसरं म्हणजे त्यात अंडं नव्हतं.

हे अंडं नसणं हा मोठा गमतीचा भाग आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे, आणि तिकडचं खरं कस्टर्ड तर अंड्याशिवाय होत नाही. मग या गृहस्थांनी १८३७ साली मक्याचं पीठ वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. तिला यीस्टही चालत नसे, म्हणून पुढे १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली. एका बाईला आपल्याबरोबर बसून तेच खाता यावं, एवढ्यासाठी एवढा उद्योग. त्या माउलीला काय कल्पना असणार, की तिच्या पथ्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांनी सांगलीतल्या सोवळ्या घरांतही मुलांच्या वाढदिवसाला कस्टर्ड होईल!

आता मूळ विषयाकडे येते. याच बर्डच्या नावानं १९६७ साली इंग्लंडात एक पुडी बाजारात आली, 'एंजल डिलाइट'. पहिला स्वाद स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा. कस्टर्डला निदान विस्तव तरी लागायचा, हिला तोही नको. गार दुधात पूड घालायची, फेटायची, पाच मिनिटं थांबायचं, झालं. तिकडे माझ्या मुलीच्या वयाच्या लोकांना विचारलं तर म्हणे 'आमच्या लहानपणीचं गोड' म्हणून डोळे पाणावतात. कुणाचं लहानपण कशात अडकलेलं असेल सांगता येत नाही. पुडी ५९ ग्रॅमची, किंमत साधारण एक पौंड, दुकानाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे तिकडच्या मानानं अगदी स्वस्तातला प्रकार. पाहुण्यांपुढे ठेवायचा नव्हे.

माझी लेक बर्मिंगहॅमलाच असते. डिसेंबर २०२४ मध्ये नातीला घेऊन आली तेव्हा तिच्या बॅगेत अशा सहा पुड्या होत्या. तीन बटरस्कॉच, दोन स्ट्रॉबेरी, एक केळ्याची. त्या का आणल्या, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

भाद्रपद २०२३ मध्ये ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय अधू झाला, बोलणं जड झालं. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून लोक त्याबद्दल विचारतात. पण ज्यानं घर खरं हललं ते बाहेरच्याला दिसत नाही. गिळणं गेलं होतं. साधं पाणी प्यायले तरी ठसका लागायचा, आणि तो साधा ठसका नव्हे, डोळे पांढरे होईपर्यंत. स्पीच थेरपिस्ट येऊ लागल्या. मला वाटायचं या बाई फक्त बोलायला शिकवतात. पण बोलायची आणि गिळायची यंत्रणा बरीचशी एकच, त्यामुळे गिळणंही त्यांच्याच खात्यात येतं. त्यांनी समजावलं, "काकू, पाणी पळतं. काकांचा घसा दार लावायच्या आत ते श्वासनलिकेत शिरतं. त्यांना सावकाश जाणारं, एकजीव, घट्टसर असं द्यायचं."

पळतं! चाळीस वर्षं पाण्याचे गुणधर्म पोरांकडून घोकून घेतलेले मी पाहिले शाळेत, पण पाण्याची भीती बाळगायला सत्तरीत शिकले.

या अन्नाच्या ० ते ७ अशा पायऱ्या असतात. ह्यांना चौथी सांगितली होती. ती ओळखायची परीक्षा फार छान आहे, घरात कुणी असा रुग्ण असेल तर त्यांच्या थेरपिस्टकडून जरूर समजून घ्या. काट्याच्या चमच्यावर घेतलं तर पदार्थ ढिगासारखा वर बसला पाहिजे, फटींतून सारखा गळता कामा नये. साधा चमचा तिरका केला तर गोळा एकदम सुटून पडला पाहिजे, चमच्याला चिकटून राहायला नको. माझ्याच डायनिंग टेबलावर बाईंनी एकेक पदार्थ पास-नापास केला. साधा शिरा नापास, रव्याचे कण सुटतात. बासुंदी नापास, पातळ दूध आणि सायीचे तुकडे वेगवेगळे. श्रीखंड मला हमखास पास होईल वाटलं होतं. तेही टाळूला चिकटतं आणि अधू जिभेला सोडवत नाही म्हणून नापास. आणि आइस्क्रीम, जे ह्यांचं जीव की प्राण, ते तर पहिल्या फटक्यात. दिसायला घट्ट, पण तोंडात गेलं की त्याचं पाणीच!

मग राहिलं काय? मिक्सरमधून काढलेलं वरण-भात, मिक्सरमधून काढलेली भाजी. दिवाळीत मी पुरणपोळी दुधात भिजवून मिक्सरमधून काढली, गाळली, आणि वाटीत घालून नेली. चव तीच होती, मी स्वतः खाऊन बघितली होती. ह्यांनी दोन चमचे घेतले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर बाकीच्यांची पंगत बसली होती, पोळ्यांवर तूप पडत होतं. रागावले नव्हते. नुसतं तोंड फिरवलं. एकसष्ट किलोंचा माणूस हळूहळू बावन्नवर आला. डॉक्टर म्हणायचे, खायला घाला. मी घालायला तयारच होते हो, खाणारा तयार हवा ना.

लेकीच्या कानावर हे सगळं फोनवरून जात होतं. तिच्या तिथं एका शेजाऱ्यांना असाच आजार, आणि त्यांना तिथल्या थेरपिस्टनं जे पदार्थ लिहून दिले त्यात ही पुडी होती. म्हणून त्या सहा पुड्या.

मी आधी चष्मा लावून पुडीवरचं सगळं वाचून काढलं. शिक्षकी सवय, छापील मजकूर सोडवत नाही. साखर, प्रक्रिया केलेला स्टार्च, पामचं तेल, दुधातली प्रथिनं, फॉस्फेट, इमल्सिफायर, रंग, स्वाद. अंडं नाही, जिलेटिन नाही. वाचून भूक लागावी अशी ही यादी नाही हे खरं. पण प्रत्येकाचं काम समजून घेतलं तर त्यात डोकं आहे. हा स्टार्च गार दुधातच फुगतो, त्याला शिजवावं लागत नाही. फॉस्फेटमुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात, म्हणून दूध आळतं. आणि इमल्सिफायरमुळे स्निग्धाचे कण हवेच्या बुडबुड्यांभोवती कडं करतात, म्हणून फेटताना शिरलेली हवा आत टिकते. ही हवा महत्त्वाची. श्रीखंड आणि हे, दोन्ही घट्ट, पण एकात हवा नाही म्हणून ते चिकटून बसतं, आणि दुसरं हलकं राहतं.

पुडीवर कमी सायीचं ३०० मिलिलिटर दूध सांगितलं होतं. आमच्याकडे गवळ्याचं म्हशीचं. ते आदल्या रात्री तापवून, साय काढून फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी मापून घेतलं. लेक इलेक्ट्रिक बीटर शोधत होती, तो काही सापडेना. म्हटलं, ताकाची छोटी रवी आहे की! नातीनं स्टुलावर बसून रवी फिरवली. दीड-दोन मिनिटांत रवी जड झाली. "आजी, इट्स स्टक!" म्हणून ओरडली. अडकली नव्हती, गोड तयार झालं होतं.

पहिली वाटी आम्ही बायकांनीच खाल्ली. खरं सांगायचं तर मला फार आवडलं नाही. गोड जरा जास्त, वास बाटलीतल्या इसेन्ससारखा, आणि तोंडात घातल्यावर काहीतरी खाल्लं असं वाटायच्या आत संपतं. वेलदोड्याची, केशराची जी खोली असते ती त्यात कुठून येणार? त्या दिवशी जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी तर एका चमच्यात निकाल दिला, "वहिनी, साबणाचा फेस बरा!" घरात त्याचं नाव 'फेस' पडलं ते पडलंच. 'एंजल डिलाइट'चं भाषांतर करायच्या फंदात मी पडले नाही.

दुपारी थेरपिस्ट बाई आल्या. काट्याचा चमचा झाला, साधा चमचा झाला. गोळा टप्पकन पडला. दहा मिनिटं वाटी उन्हाच्या बाजूला ठेवून पुन्हा पाहिलं, पाणी सुटलं नव्हतं. म्हणाल्या, "द्या काकांना. पण ताठ बसवून, लहान चमच्यानं, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही."

आम्ही ते रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांसाठी काचेच्या वाट्यांत वाढलं. सहा वाट्या, सगळ्या सारख्या. ह्यांची खुर्ची टेबलापाशी घेतली. नातीनं आपली वाटी त्यांच्या वाटीशेजारी ठेवून बघितली, कुणाला जास्त आलंय याची खात्री करायला. मुलंच ती! ह्यांनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डाव्या हातानं चमचा स्वतः उचलला. आतापर्यंत मीच भरवत होते. पहिला घास गेला, मी मनात आकडे मोजत होते. ठसका नाही. दुसरा. तिसऱ्याला म्हणाले, "आइस्क्रीम?" बटरस्कॉचचा वास ओळखला होता त्यांनी. सव्वा वर्षांनी.

वाटी संपायला वीस मिनिटं लागली. नात तेवढा वेळ थांबली नाही, जाऊबाई मात्र थांबल्या, आणि त्यांनीही आपली वाटी मुकाट्यानं संपवली.

नंतर मी बराच विचार केला, की मिक्सरमधल्या पुरणपोळीत काय कमी होतं? तूप होतं, जायफळ होतं, माझे चार तास होते. पण ती मोडून केलेली वस्तू होती, त्यांच्यासाठी वेगळी. ताटात ती दिसली की आपण पंगतीतून उठवले गेलो हे त्यांना कळत होतं. पुडीतला हा फेस मुळातच सगळ्यांसाठी मऊ असतो. धडधाकट माणूसही तो तसाच खातो. बर्मिंगहॅमच्या त्या बाईंच्या कस्टर्डची गोष्ट मला तेव्हा पुन्हा आठवली.

म्हणून उद्यापासून बासुंदी बंद करून सगळ्यांनी पुड्या आणाव्यात असं मी म्हणणार नाही. साखर भरपूर आहे, मधुमेह असेल त्या घरात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पोटभरीचंही ते नाही. ह्यांचं वजन नंतरच्या तीन महिन्यांत दोन किलोंनी वाढलं, त्याचं श्रेय मी पुडीला देत नाही. खुर्ची रोज टेबलापाशी येऊ लागली आणि त्याबरोबर मिक्सरमधलं वरणही दोन घास जास्त जाऊ लागलं, इतकंच.

पुड्या संपत आल्यावर मी घरी काही जमतं का ते पाहिलं. ताज्या गोड दह्याचा चक्का चारच तास टांगून, बारीक चाळणीतून काढून, त्यात फेटलेली गार साय आणि हापूसचा गाळलेला रस हलक्या हातानं मिसळला. साय फेटल्यामुळे हवा शिरते आणि ते टाळूला धरत नाही. थेरपिस्ट बाईंच्या परीक्षेत पास झालं. जाऊबाईंच्याही. ह्यांनी खाल्लं, छान आहे अशी मान हलवली, आणि मग हळूच विचारलं, "फेस... संपला?"

लेकीला पुढच्या खेपेला सगळ्या बटरस्कॉचच आणायला सांगितल्या आहेत. केळ्याची पुडी अजून डब्यात आहे. केळं ह्यांना पहिल्यापासून आवडत नाही.